दोन भिंतींवरचं तळं

“कशाच्या पूर्वी?” आईनं विचारलं.

हातातली काठी उचलून तिनं ती भिंतीवरच्या पाटीवर रोखली होती. पाटीवर ठसठशीत काळ्या अक्षरांत एकच शब्द होता: ‘पूर्वी’. समोरच्या भिंतीवर तसल्याच पाटीवर ‘नंतर’. आणि दोन्ही भिंतींना जोडणाऱ्या आखूड भिंतीवर हेडमास्तर काकांनी लिहिलेला मजकूर, उभ्या माणसाएवढ्या फलकावर.

प्रश्न साधाच होता. पण असे प्रश्न त्या कुटुंबात कुणी विचारत नसे. शिडीवर चढून दिवे वळवणारा कामगारसुद्धा हात थांबवून खाली बघू लागला. प्रदर्शनाच्या संचालिकाबाई कानाला फोन लावून बोलत होत्या, त्यांनी तो हळूच खाली घेतला. काकांनी घसा खाकरला. चाळीस वर्षं वर्गावर घसा खाकरला की पोरं चिडीचूप व्हायची, त्याच सवयीनं. इथं सगळे आधीच चिडीचूप होते.

“वहिनी, तुम्ही आधी बसून घ्या बघू,” काका म्हणाले. “डोळ्यांचं ऑपरेशन होऊन महिना नाही झाला. चहा सांगू?”

“बसायला नाही आले मी, भावोजी. कशाच्या पूर्वी?”

धाकटीनं आत्याकडे पाहिलं. नको तेव्हा बोलायचं आणि हवं तेव्हाही बोलायचं, हा आत्याचा धर्म. बाबांच्या आजारपणात डॉक्टर बदलण्यावरून काका आणि आत्या या सख्ख्या बहीणभावांत अबोला पडला होता, तो बाबा गेल्यावरही तसाच उरला. आज गाडीत दोघांच्या मध्ये धाकटी बसली होती, आणि निरोप इकडून तिकडे पोचवता पोचवता तिची मान दुखून आली होती.

“सगळ्यांनीच मूग गिळलेत, तर मीच बोलते,” आत्या म्हणाली. “घुबड्या गेला त्याच्या पूर्वी, वहिनी. असं म्हणायचंय यांना.”

झालं. नाव घेतलं गेलं.

धाकटीच्या कानावर ते नाव आयुष्यात असं मोठ्यानं पडलं नव्हतं. तिचा थोरला भाऊ. तिच्या जन्माच्या आदल्या वर्षी तापानं गेला, सहावं वरीस पुरतं लागलंही नव्हतं. दिवसरात्र टक्क जागा राहणारं पोर म्हणून आत्यानंच त्याला घुबड्या म्हणायला सुरुवात केली होती, एवढं तिला ऐकून ठाऊक. बाकी काही नाही. आईसमोर त्याचं नाव काढायचं नाही, हा नियम कुणी केला नव्हता आणि कुणी मोडलाही नव्हता. धाकटीचं स्वतःचं नाव शाळेच्या दाखल्यावर वेगळं होतं, पण घरात ती धाकटीच. थोरलं कुणी दिसत नसताना ती धाकटी होती, आणि कुणाची धाकटी, हे विचारायची सोय नव्हती.

आई भिंतीच्या जवळ गेली. चित्रांतलं तळं एकच होतं, घरामागचं. आईनं उभ्या आयुष्यात दुसरं काही काढलं नाही. या भिंतीवर तळ्याकाठच्या झाडाला फुलं आली होती, पिवळी. इतकी, की पाण्यालाच उकळी फुटल्यासारखं वाटावं. प्रत्येक चौकटीत तेच पिवळं, रंगाच्या नळ्या पिळून पिळून रिकाम्या केल्यासारखं. समोरच्या भिंतीवर तेच तळं, पण काळवंडलेलं. लव्हाळी काळी, चिखल तपकिरी, पाण्यात कुठंतरी उजेडाची एक पुसट रेघ.

आई हसली. ते हसणं धाकटीला आवडलं नाही.

“कुणी लावली ही?”

“मी, आई. मी आणि काकांनी. तूच म्हणालीस, तुला कळतंय तसं लाव.”

म्हणाली होती खरी. डोळ्यांना पट्टी बांधून पडली होती तेव्हा. चित्रांवर तारीख घालायची तिला कधी सवय नव्हती. कुणी विचारलंच तर म्हणायची, तळ्याला कुठं तारीख असते? मग धाकटीनं औषधांच्या दुकानाला एक दिवस कुलूप लावलं, काकांना बोलावलं, आणि माळ्यावरची सगळी चित्रं खाली काढून फरशीवर मांडली. उजळ इकडे, काळोखी तिकडे. एका दुपारचं काम. दोघांत एकदाही वाद झाला नाही. वाद व्हावा असं काही होतंच कुठं? लहानपणी धाकटी चोरून माळ्यावर चढायची आणि ती पिवळी चित्रं बघत बसायची. शेजारच्या घरात समारंभ असावा, आपल्याला बोलावणं नसावं, आणि खिडकीतून दिवे दिसावेत, तसं बघायची. ती त्याची चित्रं. तो असतानाची. तो गेला, आई विझली, मग आपण आलो. आपल्या वाट्याला लव्हाळी आणि चिखल.

“उलट लावलंत,” आई म्हणाली.

“उलट?” काका चष्मा सावरत पुढे आले. “एखादं खालचं वर झालं असेल तर आत्ता फिरवून घेऊ.”

“उलट म्हणजे उलट, भावोजी! ती तिकडची काळी आहेत ना, ती तो असतानाची. आणि ही पिवळी तो गेल्यावरची.”

काकांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, समजुतीच्या सुरात विचारलं, “वहिनी, ऑपरेशननंतर रंग नीट दिसताहेत ना तुम्हाला? कधीकधी म्हणे फरक पडतो.”

“मला पट्टीच्या आडूनही दिसत होते तेवढे रंग तुम्हाला जन्मात दिसायचे नाहीत!” काठी फरशीवर आपटली. “माझी चित्रं, माझं पोर, आणि कुठलं कधीचं ते तुम्ही मला सांगणार?”

संचालिकाबाई मध्ये पडल्या. त्यांचा आवाज मऊ होता, शहाण्या माणसांचा असतो तसा. “बाई, तुमचा राग समजू शकते मी. पण बघणाऱ्याला जे जाणवतं तेही खरंच असतं ना? हा अंधार, ही घुसमट...”

“घुसमट?”

“म्हणजे, एका आईची घुसमट...”

“अहो, कसली घुसमट! पोर झोपलं होतं!”

आता कामगार शिडीवरून खाली उतरला. ऐकायचंच तर नीट ऐकावं म्हणून असेल.

“रात्रभर जागा, दिवसभर जागा,” आई म्हणाली. “दिवेलागणीला तेवढा त्याचा डोळा लागायचा. तेवढाच वेळ माझा. मागचं दार उघडं टाकायचं, एक कान आत ठेवायचा आणि उंबऱ्यावर फळी मांडून बसायचं. दिवा लावायची सोय नाही, लावला की उठलाच. मग आकाशात जेवढा उजेड उरलाय तेवढ्यात जे दिसेल ते काढायचं. चिखल दिसायचा, लव्हाळी दिसायची. तीच काढली. आतून त्याचा श्वास ऐकू यायचा. माझ्या जन्मातलं सगळं सुख त्या भिंतीवर आहे, आणि तुम्ही त्यावर ‘नंतर’ म्हणून पाटी ठोकलीत. जिवंत पोराला मारलंत तुम्ही. चांगला हसताखेळता होता तो त्या चित्रांत. तुम्ही त्याला तो जायच्या आधीच मारलंत!”

मग आत्या समोरच्या भिंतीकडे गेली. तिचे गुडघे दुखत होते, तरी गेली. खालच्या ओळीतल्या एका चित्रासमोर वाकून उभी राहिली.

“हे काढताना मी होते तिथं,” ती म्हणाली. “माहेरपणाला आले होते. वहिनींच्या मागे बसले होते, आणि मला आली खोकल्याची उबळ. वहिनींनी असं बघितलं माझ्याकडे! अख्खा रुमाल तोंडात कोंबला मी. डोळ्यांतून पाणी, पण आवाज नाही काढला.”

“तू होतीस?” काका उसळले. “होतीस तर आधी बोलायला काय झालं होतं?”

कित्येक वर्षांनी भावानं बहिणीला मध्ये माणूस न घालता प्रश्न विचारला होता. आत्यानं तो वाया जाऊ दिला नाही.

“मला बोलावलं होतंस? चित्रं लावताना बोलावलंस, मजकूर लिहिताना विचारलंस? हिला कसं माहीत असणार, जन्मली नव्हती. तुला कसं माहीत असणार, तू परगावी मुलांना शुद्धलेखन शिकवत होतास. माहीत असलेलं माणूस घरात एकच होतं, आणि त्याच्याशी तुझा अबोला! आणि काय गं ए,” ती धाकटीकडे वळली, “दुकानातपण अशाच चिठ्ठ्या लावतेस का बाटल्यांवर? रंग बघून?”

ते धाकटीला झोंबलं. झोंबायलाच म्हटलं होतं.

“मग पिवळी?” तिनं विचारलं. आवाज तिला वाटला त्यापेक्षा चढा निघाला. “तो गेल्यावर इतकं पिवळं? कुणालाही काय वाटेल, आई?”

“काय वाटायचं ते वाटू दे. तो गेला आणि पंधरवड्यात ते झाड फुललं. दरवर्षी फुलायचं, पण त्या वर्षी असं, की पान दिसेना. मला वाटलं होतं, निदान या खेपेला तरी गप्प राहील. एक वर्ष! घरातलं पोर गेलंय, दारातल्या झाडानं एक वर्ष दम धरायला काय हरकत होती? नाही. सगळं तळं पिवळं करून ठेवलं. मग मी भर दुपारी त्याच्यासमोर जाऊन बसायला लागले. लोकांना वाटायचं, बाई सावरली, चित्रं काढते. चित्रं कसली? भांडायला जात होते मी. तुला एवढा माज आहे ना रंगाचा, मग घे. तुझ्याहून पिवळं करून दाखवते. घे!”

तिला धाप लागली. धाकटीनं हात पुढे केला, तो तिनं धरला नाही.

“आणि हे काय लिहिलंय?” तिची काठी आता फलकाकडे वळली. “अक्षर बारीक आहे. वाच.”

“राहू दे ना आई.”

“वाच म्हणते ना.”

धाकटीनं वाचलं. “नियतीने तिच्या कुशीतून मूल काढून घेतले, आणि त्या रिकाम्या हातांत कुंचला ठेवला. देवाच्या दरबारात कोणतेही दुःख वाया जात नाही...”

“थांब.”

धाकटी थांबली. आई देवाचं नाव घेतल्याशिवाय सकाळी पाण्याचा घोटही घेत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनी ते वाक्य त्याच भरवशावर घातलं असणार. त्यांच्या चेहऱ्यावर अजून थोडी आशा होती.

“भावोजी, देव म्हणजे काय तुम्हाला दुकानदार वाटला? तागडी घेऊन बसलाय? एक पोर इकडे टाका, एक कुंचला तिकडून घ्या, झाला व्यवहार चोख?” तिचा आवाज खाली आला होता, आणि म्हणूनच काका एक पाऊल मागे सरले. “मी रोज त्याच्यासमोर बसते. भांडते, रडते, कधी तोंड फिरवते. तो ऐकून घेतो. उत्तर देत नाही, पण ऐकून घेतो. माझा देव असला हलक्या मनाचा नाही. आणि कुंचला माझ्या हातात लग्नाच्या आधीपासून होता, तुमच्या थोरल्या भावाला विचारा वर जाऊन. पोर देऊन तो विकत घेतलेला नाही मी. असला सौदा मला कुणी विचारला असता ना, तर तो कुंचला मी त्याच तळ्यात फेकला असता.”

काकांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता. भावाच्या मागे वहिनीच्या प्रत्येक कामाला धावून येणारा तोच. “महिनाभर घासून लिहिलंय, वहिनी,” ते पुटपुटले. “तुमचं नाव व्हावं म्हणूनच लिहिलं.”

“भाषा चांगली आहे,” आई म्हणाली. “बाई कुणीतरी दुसरी आहे.”

इतका वेळ संचालिकाबाई विचार करत उभ्या होत्या. आता त्यांचा चेहरा उजळला. “अहो, पण मग काहीच बिघडलेलं नाही! पाट्यांची अदलाबदल करायची फक्त. उलट ही गोष्ट आणखी सुंदर होते. आधी अंधार, मग प्रकाश. दुःखातून उजेडाकडे! पाहुण्यांना फार भावेल हे. मजकुराच्या दोन ओळी बदलू...”

“हो, हो,” काकांना बुडताना काडी सापडली. “दहा मिनिटांचं काम. मी लगेच...”

“बाई,” धाकटी म्हणाली, “ती आत्ता म्हणाली ते तुम्ही ऐकलंत का?”

“ऐकलं की. म्हणूनच म्हणते...”

“ती म्हणाली, तो राग आहे. तुम्ही त्याला उजेड म्हणताय.”

संचालिकाबाई हसल्या. “बघणाऱ्याला...”

“बघणाऱ्याला काय! चाळिशी आली माझी, मी बघणारीच आहे!” धाकटीचा तोल गेला. “ही पिवळी चित्रं बघत मोठी झाले मी. मला वाटायचं, ही त्याची. आई त्याच्यासोबत अशी होती, आणि माझ्या वेळेला ती काळी. कुणी एक शब्द सांगितला नाही मला. काका नाही, बाबा नाही, तू नाहीस, आई. तूसुद्धा नाहीस! आता म्हणतेस ती माझ्या वेळची. आणि तेव्हा तू काय करत होतीस? भांडत होतीस. मग माझ्या वाट्याला आलं काय? आधी चिखल म्हणून रडले, आता भांडण म्हणून रडू?”

आईनं तिच्याकडे पाहिलं. नव्या डोळ्यांनी माणूस बघतो तसं, जरा जास्तच वेळ.

“तुम्ही सगळ्यांनी त्याचं नाव घ्यायचं सोडलंत,” ती म्हणाली. “मला वाटलं, विसरलात.”

“आम्हाला वाटलं, तुला सोसणार नाही.”

“मला सोसत नव्हतं ते तुमचं गप्प बसणं!”

“मग बोलायचंस! तोंड होतं ना तुला!”

“मायलेकी एका माळेचे मणी,” आत्या पुटपुटली. “एकीला विचारता येत नाही, दुसरीला सांगता येत नाही. आणि ओरडायला दोघी तयार.”

कुणाला हसू आलं नाही, पण दालनातली हवा थोडी सैल झाली. आई काठी टेकत पिवळ्या भिंतीच्या कडेला गेली. शेवटच्या चित्रासमोर थांबली आणि मागे न बघता म्हणाली, “इकडे ये.”

धाकटी फुरंगटूनच गेली.

“हे बघ. इथं पिवळा पातळ झालाय. दिसतंय? खालचं कापड दिसतंय. आणि ही फांदी अर्ध्यातच सोडलीय.”

“मग?”

“तू चालायला लागली होतीस तेव्हा. फांदीला हात घातला की तू पाण्याकडे पळायचीस. उठायचं, तुला आणायचं, परत बसायचं, तोवर कुठं होते ते विसरायचं. भांडणात लक्षच राहीना. त्या वर्षापासून एक चित्र धड झालं नाही माझं. तुझ्यामुळं बिघडलंय हे.”

“बिघडलंय?”

“बिघडलंयच.” आईनं चित्रावरची अदृश्य धूळ बोटानं पुसली. “बरं बिघडलंय.”

धाकटी त्या अर्ध्या फांदीकडे बघत राहिली. मग वळली, कामगाराची शिडी ओढत तिनं ‘पूर्वी’च्या पाटीखाली आणली आणि चपला काढून वर चढली.

“हे काय?” संचालिकाबाई म्हणाल्या. “पत्रिकेत छापलंय तसं. पाहुणे निघालेत! पाट्याच नसतील तर लोकांनी बघायचं काय?”

“चित्रं.” पाटी दोन स्क्रूंवर होती. एक सैल होता, दुसरा हलेना. “बाटलीवर चुकीची चिठ्ठी असेल तर ती बाटली मी विकत नाही, बाई. आणि आत काय आहे ते कळलं, म्हणून आपल्या मनानं दुसरी चिठ्ठीही लावत नाही. स्क्रूड्रायव्हर कुणाकडे आहे?”

कामगारानं खिशातून काढून दिला. संचालिकाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो दिव्यांकडे बघू लागला.

“हे असंच होणार असेल, तर मला विचार करावा लागेल,” संचालिकाबाई म्हणाल्या. “उद्घाटन पुढे ढकलावं लागेल. कदाचित रद्दही.”

धाकटीचा हात स्क्रूवरच थांबला. याच भिंतींसाठी आईनं म्हातारपणापर्यंत वाट पाहिली होती. तिनं शिडीवरूनच आईकडे पाहिलं.

“मला घरी जायला रस्ता माहीत आहे,” आई म्हणाली. “माळाही तिथंच आहे.”

पाटी खाली आली. मग दुसरी. राहिला मधला फलक. त्याच्यासमोर काका उभे होते, हात मागे बांधून, आपल्याच मजकुराला पाठ देऊन. ते हलतील असं वाटेना. धाकटी शिडी घेऊन तिथवर गेली आणि थांबली. काकांना बाजूला हो म्हणायची तिची छाती झाली नाही.

“चल रे,” आत्या भावाला म्हणाली. “तूच काढ. मी शिडी धरते.”

“तुझे गुडघे...”

“गुडघे माझे आहेत. तू चढ.”

काका चढले. फलक काढताना त्यांनी तो एकदा शेवटचा वाचला, ओठ हलवत. मग खाली उतरून तो भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि आत्याच्या शेजारी उभे राहिले. आता मध्ये धाकटी नव्हती.

उद्घाटन रद्द झालं नाही. रद्द करायला वेळच नव्हता. जिन्यावर पावलं वाजू लागली होती. संचालिकाबाईंनी चेहऱ्यावर हसू चढवलं आणि त्या दाराकडे धावल्या.

मुख्य पाहुणे मोठे समीक्षक. त्यांच्या एका शब्दावर चित्रकार तरतात नाहीतर बुडतात, असं काका पूर्वी सांगत. मागे वीस-पंचवीस माणसं घेऊन ते आले. पिवळ्या भिंतीवरून त्यांनी नजर फिरवली, मान डोलावली, “प्रसन्न! फार प्रसन्न!” म्हणाले. खुर्चीत बसलेल्या आईच्या जबड्याची शीर उडाली, पण ती काही बोलली नाही. दमली होती. मग ते समोर वळले आणि त्या काळ्या तळ्यापुढे उभे राहिले, जे काढलं जात असताना एकदा आत्यानं रुमाल तोंडात कोंबला होता. संचालिकाबाईंनी त्यांना गोष्ट आधीच कधीतरी सांगून ठेवली असावी. त्यांनी एक हात छातीवर ठेवला. मागची माणसंही थांबली.

“केवढं हे दुःख!” पाहुणे म्हणाले. आवाज खणखणीत होता, सभेत बोलायची सवय असलेला. “कुशीतलं मूल गेल्याचा आकांत आहे हा!”

काकांनी डोळे मिटून घेतले. संचालिकाबाई पाहुण्यांच्या खांद्यावरून धाकटीकडे बघत होत्या, हात जोडायचे तेवढे बाकी होते.

धाकटी गर्दीतून वाट काढत पुढे आली. रागानं तिचे कान तापले होते. ती पाहुणे आणि चित्र यांच्यामध्ये येऊन उभी राहिली आणि तिनं ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोला,” ती म्हणाली. “माझा दादा झोपलाय आत.”